कॅल्शियम वाढत नाही, पंपावर मात्र पांढरा थर: आधी सॅलिनिटी तपासा

प्रश्न थोडक्यात असा. नागपुरात घरी २०० लिटरचा रीफ टँक, म्हणजे प्रवाळांचा खाऱ्या पाण्याचा टँक आहे. त्यात झोअँथिड, मश्रूम, एक लेदर कोरल आणि खडकावर जांभळी कोरलाइन (चुन्याचा सांगाडा बांधणारं शेवाळ). कॅल्शियम ३६० पीपीएम (दहा लाखांत ३६० भाग), मॅग्नेशियम ११४० पीपीएम, केएच (पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचं माप) ११.५. तीन आठवडे रोज कॅल्शियम क्लोराइड घालूनही कॅल्शियम जागचं हलत नाही. रिटर्न पंपावर कडक पांढरा थर बसतो, वाळूचे गठ्ठे झालेत, आणि परवा बफर (केएच आणि पीएच वाढवणारं रसायन) घातल्यावर सगळं पाणी दुधाळ झालं. सकाळी पीएच ७.८ दिसतो म्हणून बफर चालूच आहे. कॅल्शियमचा डोस वाढवावा का?

नाही. उलट आजपासून कॅल्शियम आणि बफर दोन्ही बंद करा. टँकमधलं काहीही आठवडाभर डोस नाही म्हणून मरणार नाही. या घडीला जे घालताय त्यातलं बरंचसं कोरलला न मिळता पंपावर आणि वाळूवर चुन्याचा दगड होऊन बसतंय.

आता आकड्यांकडे पाहा. समुद्राच्या पाण्यात सॅलिनिटी, म्हणजे खारटपणा, ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग) असते तेव्हा कॅल्शियम साधारण ४१०-४२०, मॅग्नेशियम १२८०-१३०० आणि केएच ७ च्या आसपास असतो. तुमचं कॅल्शियम त्याहून सुमारे १२ टक्के कमी आहे आणि मॅग्नेशियमही सुमारे १२ टक्केच कमी आहे. दोन्ही सारख्याच प्रमाणात कमी असणं फार बोलकं आहे. कोरल आणि कोरलाइन कॅल्शियम भराभर वापरतात, मॅग्नेशियम अगदी थोडं. वापरामुळे घट झाली असती तर कॅल्शियम बरंच खाली आणि मॅग्नेशियम जवळपास जागेवर दिसलं असतं. दोन्ही एकत्र खाली म्हणजे सगळं पाणीच पातळ आहे. ३५ चे ८८ टक्के केले की ३१ येतात. माझा अंदाज आहे की तुमची खरी सॅलिनिटी ३१ च्या जवळ आहे आणि तुमचं उपकरण ३५ दाखवतंय.

म्हणून पहिलं काम रिफ्रॅक्टोमीटरचं, म्हणजे प्रकाश किती वळतो यावरून खारटपणा मोजणाऱ्या उपकरणाचं. बहुतेक जण तो आरओच्या पाण्यावर शून्याला लावतात आणि निर्धास्त होतात. शून्यावर बरोबर असलेला रिफ्रॅक्टोमीटर ३५ वर दोन-तीन पीपीटीने चुकू शकतो. ज्या जागी मोजायचं आहे त्याच जागी तो जुळवायला हवा. विकतचं ३५ पीपीटीचं कॅलिब्रेशन द्रावण मिळालं तर उत्तम. नसेल तर ३६.५ ग्रॅम शुद्ध, कोरडं सोडियम क्लोराइड आणि ९६३.५ ग्रॅम डीआय (रेझिनमधून क्षार पूर्ण काढलेलं) पाणी वजन करून मिसळा. हे द्रावण रिफ्रॅक्टोमीटरमध्ये ३५ पीपीटीच्या समुद्राच्या पाण्याइतकंच वाचन देतं. ते फक्त जुळवणीसाठी आहे, टँकमध्ये घालायचं नाही, आणि कंडक्टिव्हिटी मीटरला ते चालत नाही. तिथे ५३ मिलिसीमेन्सचं द्रावण लागतं.

नागपूरकरांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. रिफ्रॅक्टोमीटरवर तापमानाची आपोआप दुरुस्ती लिहिलेली असते, पण ती बहुधा १० ते ३० अंशांपुरतीच असते. नवतपात दुपारी खोली ३६-३८ अंशांवर असताना घेतलेलं वाचन त्या कक्षेबाहेर जातं. उपकरण, द्रावण आणि टँकचं पाणी तिन्ही एकाच थंड खोलीत अर्धा तास ठेवा आणि मग मोजा. पाण्याचा थेंब काचेवर टाकल्यावरही अर्धं मिनिट थांबा. झुलत्या काट्याचा प्लास्टिकचा हायड्रोमीटर वापरत असाल तर तो बाजूलाच ठेवा. काट्यावर चिकटलेला एक बुडबुडा किंवा मिठाचा थर पुरे होतो वाचन बिघडवायला.

सॅलिनिटी खरंच ३१ निघाली तर ती एका दिवसात वर आणू नका. २०० लिटरच्या टँकमध्ये खडक-वाळू वजा करून पाणी सुमारे १६० लिटर धरू. उन्हाळ्यात पंख्याखाली असा टँक रोज ३-४ लिटर पाणी सहज उडवतो. ते भरताना आरओ पाण्याऐवजी ३५ पीपीटीचं तयार खारं पाणी घाला. रोज साडेतीन लिटर घातलं तर सॅलिनिटी दिवसाला पाऊण पीपीटीने चढते आणि पाच-सहा दिवसांत ३५ ला पोचते. पोचली की लगेच पुन्हा साध्या आरओ-डीआय पाण्याने टॉप-ऑफ (उडालेल्या पाण्याची भर) सुरू करा, नाहीतर पुढच्या आठवड्यात ३९ होईल. या काळात ज्याचा केएच ७-८ येतो असं मीठ वापरा. केएच ११-१२ देणारं मीठ आत्ता तुमच्या कामाचं नाही. सॅलिनिटी ३५ झाली की कॅल्शियम आपसूक ४०५-४१० आणि मॅग्नेशियम १२८०-१२९० दिसायला हवं, एक चमचाही औषध न घालता.

आता कॅल्शियम घालूनही का वाढत नव्हतं ते समजून घ्या, कारण हे समजलं की पुढचे निर्णय स्वतः घेता येतात.

समुद्राच्या वरच्या थरातलं पाणी कॅल्शियम कार्बोनेटने कितीतरी पट अतिसंपृक्त असतं. नियमाने त्यातून चुना खाली बसत राहायला हवा, पण बसत नाही, कारण मॅग्नेशियम आडवं येतं. कॅल्शियम कार्बोनेटचा कण वाढू लागला की मॅग्नेशियम त्याच्या पृष्ठभागात घुसतं, तो पृष्ठभाग अधिक विद्राव्य होतो आणि स्फटिकाची वाढ खुंटते. शिवाय काही कार्बोनेट मॅग्नेशियमशी जोडी करून पाण्यातच राहतं. मॅग्नेशियम ११४० असेल तर हा पहारा सैल पडतो. केएच ११.५ असेल तर ढकलणारा जोर वाढतो. बफर एकदम ओतल्याने जिथे तो पडतो तिथे पीएच क्षणभर खूप चढतो आणि बायकार्बोनेटचं कार्बोनेट होतं. त्यात उष्णतेची भर: हा चुना गरम पाण्यात कमी विरघळतो, म्हणून थर आधी तापणाऱ्या भागांवर येतो, उन्हाळ्यात पंपाच्या मोटरवर आणि हिवाळ्यात हीटरवर. एकदा थर बसला की तो नव्या थराला जागा देतो. तुम्ही कॅल्शियम घालता, ते केएचला बरोबर घेऊन दगड होतं, केएच पुन्हा बफरने भरता, आणि पुढच्या डोसची तयारी होते.

पाणी दुधाळ झालं तेव्हा नेमकं हेच पूर्ण टँकभर झालं. असं झालं की लोक घाबरून आणखी काहीतरी ओततात. काहीही ओतू नका. डोस बंद, फिल्टर फ्लॉस (गाळायचा कापूस) लावा आणि काही तासांनी बदला, प्रवाह आणि स्किमर (हवेच्या फेसातून घाण काढणारं यंत्र) चालू ठेवा. पाण्यात तरंगणारे कण नव्या कणांचं बीज होतात म्हणून ते काढणं महत्त्वाचं. २४ तासांनी पाणी निवळल्यावरच केएच आणि कॅल्शियम मोजा. त्याआधीचं वाचन फसवं असतं, कारण नमुन्यात आलेले कण टेस्ट किटच्या आम्लात विरघळून केएच जास्त दाखवतात.

आता पीएच. बफरच्या सवयीचं मूळ इथे आहे. केएच ११.५ असताना मोकळ्या हवेशी जुळलेल्या पाण्याचा पीएच ८.३ च्या वर असायला हवा. तुमचा ७.८ आहे, म्हणजे खोलीच्या हवेत कार्बन डायऑक्साइड साचलाय. नागपूरच्या मे महिन्यात हे घरोघरी होतं: लू लागू नये म्हणून खिडक्या बंद, पडदे ओढलेले, एसी दिवसभर, घरात चार माणसं. बफर घातला की पीएच तासाभरासाठी चढतो, मग पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा खाली येतं. पीएच जिथल्या तिथे, केएच मात्र दर डोसला वर.

खात्री करायची असेल तर ग्लासभर टँकचं पाणी बाल्कनीत न्या, एअर पंप आणि एअर स्टोनने तासभर बुडबुडे सोडा आणि पीएच मोजा. चढला तर दोष खोलीच्या हवेचा. उपाय पण हवेचाच: स्किमरच्या हवा ओढणाऱ्या नळीला लांब नळी जोडून तिचं तोंड खिडकीबाहेर काढा. ती हवा गरम असली तरी थोडी असते, टँक तापत नाही. डासांच्या फवारणीची गाडी गल्लीत आली की नळी आत घ्या, कीटकनाशकाने कोळंब्या आणि खेकडे आधी जातात. ज्या घरात कूलर चालतो तिथे बाहेरची हवा येत राहते, पीएच सहसा बरा असतो, पण खोली दमट झाल्याने बाष्पीभवन घटतं. याचा हिशोब पुढे चुन्याच्या पाण्यात येतो.

केएच ११.५ खाली आणायला आम्ल घालू नका. वापर आणि पाणी बदलणं यांनी तो आपणहून उतरेल. ८ ते ८.५ ला आला की पुढचं काम.

त्याआधी टेस्ट किटवर विश्वास ठेवता येतो का ते पाहा. नागपूरला किट कुरिअरने येतात आणि उन्हाळ्यात गाडीच्या डब्यात बरेच शेकतात. केएच किट तपासणं सोपं आहे. ३ ग्रॅम ताजा खायचा सोडा डीआय पाण्यात विरघळवून नेमकं १ लिटर करा. त्यातलं १०० मिली घेऊन डीआय पाण्याने पुन्हा १ लिटर करा. या दुसऱ्या द्रावणाचा केएच १०.० असतो. किटने ९ किंवा ११ दाखवलं तर तेवढी तफावत ध्यानात ठेवून वाचा. किटची बारीकी वाढवायची तर नमुना दुप्पट घ्या, इंडिकेटरही दुप्पट, आणि थेंब निम्मे मोजा.

कॅल्शियमच्या किटमध्ये शेवटचे थेंब हळू घाला. गुलाबी-जांभळ्यातून पूर्ण निळा होईपर्यंत थांबा, जांभळट निळ्यावर थांबलं की आकडा कमी येतो. मॅग्नेशियमची बरीच किट कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मिळून मोजतात आणि मग कॅल्शियम वजा करायला सांगतात. त्यामुळे कॅल्शियमची चूक मॅग्नेशियमच्या आकड्यात उतरते. मॅग्नेशियम ३०-४० पीपीएम इकडेतिकडे दिसलं म्हणून काही करायची गरज नसते.

आता संतुलनाचा गाभा. कोरल किंवा कोरलाइन सांगाडा बांधताना कॅल्शियम आणि केएच ठरलेल्या प्रमाणात वापरतात: केएच १ ने उतरला की कॅल्शियम सुमारे ७ पीपीएमने उतरतं. केएच ८ मधला १ म्हणजे १२ टक्क्यांहून जास्त. कॅल्शियम ४२० मधले ७ म्हणजे २ टक्क्यांहूनही कमी, किटला दिसणारसुद्धा नाहीत. म्हणून रोजचा वापर केएचवरून ओळखायचा, डोस केएचवरून ठरवायचा, आणि कॅल्शियम तेवढ्याच प्रमाणात आंधळेपणाने घालायचं. कॅल्शियमची टेस्ट आठवड्यातून एकदा, मॅग्नेशियमची महिन्यातून एकदा. लोक नेमकं उलटं करतात: कॅल्शियमचा आकडा मोठा आणि ओळखीचा, म्हणून त्याच्या मागे लागतात.

वापर काढायची रीत साधी आहे. सॅलिनिटी ३५ आणि केएच ८.५ च्या जवळ असताना तीन-चार दिवस काहीही घालू नका आणि रोज एकाच वेळी केएच मोजा. ८.५ चा चार दिवसांत ८.१ झाला तर रोजचा वापर ०.१. तुमच्यासारख्या सॉफ्ट कोरलच्या टँकमध्ये मला इतकाच अपेक्षित आहे, कारण झोअँथिड आणि मश्रूम सांगाडा बांधत नाहीत. जे काही जातं ते कोरलाइन आणि थोडंफार लेदर कोरलच्या अंगातल्या सूक्ष्म कणांना. एक अपवाद: नायट्रेट वाढत असेल तर केएच कॅल्शियमविना उतरतो. ५० पीपीएम नायट्रेट तयार होताना सुमारे २.३ केएच जातो. केएच उतरतोय पण कॅल्शियम महिनाभर जागेवर आहे, असं दिसलं तर खाणं किती घालताय ते बघा.

इथे बऱ्याच जणांना वाटतं की एवढा कमी वापर आठवड्याला १० टक्के पाणी बदलून भरून निघेल. हिशोब करून पाहा. १० टक्के पाणी बदलल्याने जी तूट आहे तिचा फक्त दहावा हिस्सा भरतो. केएच आठवड्याला ०.७ जात असेल आणि नव्या पाण्याचा केएच ८ असेल, तर तो घसरत घसरत १ च्या आसपास जाऊनच स्थिर होईल. कॅल्शियम आठवड्याला ५ पीपीएम जातं, नव्या पाण्यात ४४० असेल तर ते ३९० ला थांबेल, म्हणजे चालण्याजोगं. मॅग्नेशियम जवळपास हलणारच नाही. थोडक्यात, पाणी बदलून मॅग्नेशियम पूर्ण सांभाळलं जातं, कॅल्शियम बऱ्यापैकी, केएच मुळीच नाही. म्हणून छोटासा डोस लागतोच.

डोससाठी दोन बाटल्यांची पद्धत तुम्हाला पुरेल. पहिली बाटली: कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट १३५ ग्रॅम, डीआय पाण्यात विरघळवून १ लिटर. दुसरी: सोडियम कार्बोनेट ९८ ग्रॅम, १ लिटर. दोन्हींची ताकद जुळलेली आहे, सारखेच मिली घातले की केएच आणि कॅल्शियम योग्य प्रमाणात जातात. १०० लिटर पाण्यात प्रत्येकी १० मिली म्हणजे केएच ०.५२ आणि कॅल्शियम ३.७ पीपीएम. तुमच्या १६० लिटरला ०.१ केएचसाठी रोज प्रत्येकी ३ मिली. पुढे वापर ०.४ झाला तर १२ मिली. केएचची बाटली सकाळी, कॅल्शियमची संध्याकाळी, दोन्ही जोरदार प्रवाहात आणि थेंबाथेंबाने. एकाच जागी पाठोपाठ ओतली तर पुन्हा पांढरा धूर दिसेल.

सोडियम कार्बोनेट शुद्ध मिळालं नाही तर घरी करता येतं. १५५ ग्रॅम खायचा सोडा ट्रेमध्ये पातळ पसरून ओव्हनमध्ये १८० अंशांना तासभर तापवा. पाणी आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि वजन ९८ ग्रॅमच्या आसपास उरतं. जास्त उरलं तर आणखी तापवा. बेकिंग पावडर वेगळी, तिच्यात आम्ल आणि स्टार्च असतं, ती चालत नाही. किराणा दुकानातला धुण्याचा सोडाही नको, त्यात किती पाणी आणि काय भेसळ आहे याचा भरवसा नाही. न तापवलेला सोडा वापरायचा तर १ लिटरमध्ये ७८ ग्रॅमच घाला आणि डोस दुप्पट धरा, कारण १५५ ग्रॅम तेवढ्या पाण्यात विरघळतच नाही. तुमची हवा बंद खोलीची असल्याने तापवलेला सोडा बरा, तो पीएच किंचित वर ठेवतो. मात्र वर सांगितलेलं खिडकीबाहेरच्या नळीचं काम त्याने टळत नाही.

कॅल्शियम क्लोराइड घेताना डब्यावर डायहायड्रेट आहे की निर्जल ते वाचा. निर्जल असेल तर १३५ ऐवजी १०२ ग्रॅम. ते पाण्यात घालताना पाणी चांगलंच तापतं, म्हणून पाण्यात थोडंथोडं घाला, पुडीवर पाणी ओतू नका, आणि काचेच्या पातळ बाटलीत करू नका. प्रयोगशाळांना साहित्य पुरवणाऱ्या दुकानातून शुद्ध दर्जाचं घ्या. आणि पावसाळा: जून ते सप्टेंबर उघड्या डब्यातलं कॅल्शियम क्लोराइड हवेतून पाणी ओढून आधी चिकट आणि मग चक्क पातळ होतं. मॅग्नेशियम क्लोराइडचंही तेच. तोललेल्या १३५ ग्रॅममध्ये मग मीठ किती आणि पाणी किती हे कळत नाही. डबा आणल्याच दिवशी सगळ्याचं द्रावण करून ठेवणं सर्वांत सोपं. कॅल्शियमचं द्रावण नीट झाकलेल्या बाटलीत महिनोन् महिने टिकतं.

या पद्धतीत मागे साधं मीठ उरतं. रोज १ केएच वापरणाऱ्या टँकमध्ये सॅलिनिटी महिन्याला सुमारे ०.६ पीपीटी वाढते. तुमच्याकडे त्याचा दहावा भाग, पण सॅलिनिटी दर आठवड्याला मोजायचीच आहे, त्यात हेही धरलं जाईल.

सॅलिनिटी ३५ झाल्यावरही मॅग्नेशियम १२३० च्या खाली निघालं तरच ते वेगळं घाला. १०० लिटरला १० पीपीएम वाढवायला मॅग्नेशियम क्लोराइड हेक्झाहायड्रेट ८.४ ग्रॅम लागतं, किंवा मॅग्नेशियम सल्फेट हेप्टाहायड्रेट, म्हणजे एप्सम सॉल्ट, १० ग्रॅम. दोन्ही मिसळून वजनाने ८ भाग क्लोराइड आणि १ भाग सल्फेट घेतलं तर समुद्रातलं क्लोराइड-सल्फेटचं नातं टिकतं. तुमच्या टँकला ५० पीपीएम म्हणजे सुमारे ६८ ग्रॅम मिश्रण, दोन दिवसांत विभागून. विदर्भात कपाशीच्या लाल्यावर फवारायचं मॅग्नेशियम सल्फेट कृषी केंद्रात स्वस्तात मिळतं म्हणून ते घ्यायचा मोह होतो. घेऊ नका. शेतीच्या दर्जात जस्त-तांब्यासारखे धातू असले तर पिकाला त्याने बिघडत नाही, पण तांब्याचा अंशसुद्धा कोळंब्या आणि कोरलला बाधतो. औषधी दर्जाचंच घ्या.

चुन्याच्या पाण्याबद्दल, म्हणजे काल्कवासरबद्दल, इथे खास सांगायला हवं. डीआय पाण्यात लिटरला दीड-दोन ग्रॅम शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड ढवळून, निवळू देऊन वरचं पाणी टॉप-ऑफमध्ये वापरतात. कॅल्शियम आणि केएच दोन्ही नेमक्या प्रमाणात मिळतात, मागे मीठ उरत नाही, पीएच चढतो. पद्धत सुंदर आहे. पण ती बाष्पीभवनाला बांधलेली आहे आणि नागपूरचं बाष्पीभवन ऋतूगणिक पार बदलतं. मे महिन्यात रोज साडेतीन लिटर संपृक्त पाणी गेलं तर तुमच्या टँकला दिवसाला सुमारे २.५ केएच मिळेल. जुलैच्या दमट हवेत टँक रोज लिटरभरच उडवत असेल तर ०.७. तुमची गरज ०.१. टॉप-ऑफचा सेन्सर अडकून १० लिटरची बादली रिकामी झाली तर केएच एका झटक्यात ७ ने चढेल आणि पीएच ९ च्या पलीकडे जाईल. पानठेल्यावरचा खायचा चुना हाही रसायनाने कॅल्शियम हायड्रॉक्साइडच, पण त्याची शुद्धता कोणी लिहून दिलेली नसते. तुम्हाला काल्कवासर नको. कधी वापरलंच तर ते वेगळ्या डोसिंग पंपाने, मोजून आणि रात्री द्या. कॅल्शियम रिॲक्टर (कार्बन डायऑक्साइडने चुन्याचे खडे विरघळवणारं यंत्र) तर या आकाराच्या टँकला लागतच नाही.

टॉप-ऑफच्या पाण्याचा प्रश्न मात्र तुम्ही विचारलाच नाही, आणि केएच चढण्याचं ते दुसरं कारण असू शकतं. घरच्या पिण्याच्या आरओमध्ये बहुधा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो, तो चवीसाठी कच्चं पाणी परत मिसळतो. बोअरचं पाणी येत असेल तर आणखी वाईट. समजा पाण्याची आल्कलिनिटी (म्हणजे केएचच, पण कॅल्शियम कार्बोनेटच्या पीपीएममध्ये) २५० पीपीएम आहे. रोज ४ लिटर तेच भरलं तर १६० लिटरमध्ये दिवसाला ०.३५ केएच वाढतो, महिन्याला १०. तुमच्या ११.५ मध्ये त्याचा वाटा किती हे टीडीएस मीटर सांगेल. आरओपुढे डीआय रेझिन लावा, बाहेर पडणारं पाणी शून्य किंवा १ दाखवायला हवं. २-३ दिसू लागलं की रेझिन बदला. संपत आलेलं रेझिन आधी सिलिकेट सोडतं, मग काचेवर तपकिरी शेवाळ दिसतं.

पुढे दगडी कोरल ठेवायचा विचार असेल तर दोन गोष्टी. भारतीय समुद्रातले दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. समुद्रातून काढलेला तुकडा कोणी कितीही स्वस्तात दिला तरी घेऊ नका. दुसरं, त्यांचा केएचचा वापर तुमच्या आजच्या वापराच्या दहा-वीस पट असू शकतो आणि दिवसाला ०.५ केएचहून जास्त चढउतार त्यांना सोसत नाही. नायट्रेट आणि फॉस्फेट शून्याजवळ असताना केएच ९ च्या वर ठेवला तर त्यांची टोकं जळतात.

राहिला पंपावरचा थर. पंप सोडवून बादलीत घ्या, १ लिटर पांढरं व्हिनेगर आणि २ लिटर पाणी घालून तासभर चालवा. मग इम्पेलर काढून तो आणि त्याची पोकळी जुन्या टूथब्रशने घासा, कारण प्रवाह आधी तिथेच अडतो. साध्या पाण्याने दोनदा धुऊन परत लावा. हीटर आधी बंद करून थंड होऊ द्या, मग त्याच पाण्यात बुडवा. वाळूचे गठ्ठे हाताने फोडायचे तर एका वेळी पाव भागच हलवा आणि स्किमर चालू ठेवा, खालची घाण एकदम वर आली तर मासे धापा टाकू लागतील. महिन्याभराने पंप पुन्हा उघडून पाहा. नवा थर आला नसेल तर डोसची जागा आणि वेग बरोबर आहेत. पुन्हा खरखरीत लागला तर केएचचा डोस दोन-तीन हिश्शांत वाटून, पंपापासून दूर, प्रवाहाच्या पुढच्या टोकाला द्या.